कॉपीकॅटमधलं मांजर

दादरला रानडे रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात संध्याकाळच्या गर्दीत दोन बहिणी कंपासपेट्यांच्या ढिगात हात घालून उभ्या होत्या. मोठीनं बराच वेळ घेऊन एक जांभळी पेटी निवडली. धाकटीनं ढिगाकडे न बघताच बोट दाखवलं, ‘मलाही तीच.’ मोठी फणकारली, ‘ए कॉपीकॅट!’ धाकटीला रडू येण्याऐवजी प्रश्न पडला. ‘आजी, कॅटच का गं? कॉपीडॉग का नाही?’ आजीनं पाकिटातले सुटे पैसे मोजता मोजता उत्तर दिलं, ‘मांजरीची पिल्लं आईचं बघून बघून शिकतात ना, म्हणून.’ धाकटीचं समाधान झालं, दुकानदारानं दोन्ही पेट्या एकाच पिशवीत घातल्या आणि तिघी फुलांच्या वासातून, फेरीवाल्यांच्या ओरड्यातून वाट काढत स्टेशनच्या दिशेनं गेल्या.

उत्तर मात्र खटकत राहिलं.

खटकलं ते चूक होतं म्हणून नव्हे, फार गुळगुळीत होतं म्हणून. व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्या माणसाला असल्या गोड गोष्टींची आधी शंका येते. शब्द कुठून आला हे शोधायची रीत तशी रुक्ष आहे. जुन्यात जुना छापील दाखला शोधायचा, तो कुणाच्या तोंडी आहे आणि कुठल्या सुरात आहे हे बघायचं, मग त्याच घाटाचे इतर शब्द शेजारी मांडायचे. ‘कॉपीकॅट’चा 1887 सालचा एक दाखला अमेरिकेत मिळतो, कॉन्स्टन्स कॅरी हॅरिसन या लेखिकेच्या ‘बार हार्बर डेज’ या पुस्तकात. आधी कुठं छापून आलेलं काही लिहिलंस तर आमची मुलं तुला कॉपीकॅट म्हणतात, अशा अर्थाचं वाक्य आहे. म्हणजे इतक्या जुन्या छापील खुणेतच हा शब्द लिहिणाऱ्यांवर उगारलेला आहे, हे लेख-कविता ढापणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं! त्यानंतर 1896 मध्ये सारा ऑर्न ज्यूएट यांच्या कादंबरीत एक बाई हसत म्हणते की हा शब्द कित्येक वर्षांत कानावर पडला नव्हता, आपल्या आजीचा तो फार लाडका. दोन्ही पुस्तकांची भूमी मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं समुद्रकाठचं राज्य. या बाईच्या बोलण्यावरून दोन गोष्टी समजतात. शब्द छापखान्यात पोचण्याच्या खूप आधीपासून घराघरांत वापरात असावा, आणि तो पंडितांचा नव्हे, अंगणातला असावा. छापील दाखल्याची तारीख ही शब्दाची जन्मतारीख समजण्याची चूक इथेच होते. अंगणातल्या शब्दाला कागदावर यायला पिढ्या लागतात.

या दाखल्यांत मांजरीच्या पिल्लांचा उल्लेख कुठेही नाही. आता भावंडं बघू. भित्र्या मुलाला इंग्रजीत ‘स्केअरडी-कॅट’ म्हणतात, ‘फ्रेडी-कॅट’ म्हणतात. कजाग बाईला ‘हेलकॅट’. मांजर काही कुत्र्यापेक्षा भित्रं नसतं. गल्लीतल्या बोक्यानं मोठ्या कुत्र्याला मागे सरकवलेलं कुठल्याही कोळीवाड्यात बघायला मिळतं. तेव्हा या शब्दांत मांजराचा स्वभाव शोधण्यात अर्थ नाही. इंग्रजीत तेराव्या शतकापासून ‘कॅट’ हे माणसाला, त्यातही बाईला, हिणवायचं संबोधन आहे. कुचकं बोलणाऱ्या बाईला ‘कॅटी’ म्हणतात ते त्यातूनच. शब्दाच्या शेवटी ‘कॅट’ लावलं की शिवीला शेपटी फुटते, एवढंच त्याचं काम. ‘कॉपी’ हा आरोप आणि ‘कॅट’ हा तुच्छतेचा सूर, असा हा जोड असावा. पिल्लांची गोष्ट बहुधा मागाहून कुणीतरी, अशाच एखाद्या नातीचा प्रश्न मिटवण्यासाठी, चिकटवली.

गंमत अशी की व्युत्पत्ती म्हणून जी गोष्ट टिकत नाही, ती प्राणिशास्त्र म्हणून टिकते. 1969 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात फिलिस चेसलर यांचा एक प्रयोग छापून आला. ठरावीक खूण दिसली की दांडी दाबायची, मग खाणं मिळतं, एवढंच शिकायचं होतं. ज्या पिल्लांनी हे आपल्या आईला करताना पाहिलं ती सगळ्यांत लवकर शिकली. ज्यांनी अनोळखी मांजरीला पाहिलं त्यांना जास्त वेळ लागला. आणि ज्यांच्यासमोर कुणीच नव्हतं, ज्यांना धडपडून स्वतः शोधायचं होतं, ती प्रयोग संपेपर्यंत शिकलीच नाहीत. पुढे 2020 मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’मध्ये एबिसू नावाच्या जपानी मांजरीवर निबंध आला. कुत्र्यांसाठी बसवलेली ‘मी करते तसं कर’ ही शिकवण्याची पद्धत तिला लागू करून बघितली. मालकिणीनं खोक्याला हात लावला तर एबिसू पंजा लावायची, मालकिणीनं तोंड घासलं तर तीही तोंड घासायची. हातासाठी पंजा आणि तोंडासाठी तोंड, हा हिशेब मांजरीला जमतो हे त्यातलं खरं नवल. संशोधकांनाही मोह आवरला नाही, निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘आम्हाला कॉपीकॅट सापडलं का?’ असा प्रश्न टाकला.

मांजराची बाजू इतकी पुरे. शब्दाचा पूर्वार्ध जास्त रसाळ आहे.

‘कॉपी’ हा लॅटिन ‘कोपिया’वरून आला, आणि कोपिया म्हणजे सुबत्ता, रेलचेल. इंग्रजीत ‘कोपिअस’ म्हणजे मुबलक, तो याचाच सख्खा भाऊ. रेलचेलीचा अर्थ नकलेकडे कसा वळला? मध्ययुगीन लॅटिनमध्ये एखाद्याला ग्रंथ उतरवून घेण्याची मुभा देणं यासाठी जो वाक्प्रचार होता त्यात ‘कोपिया’ होता. मुभेचा अर्थ हळूहळू उतरवलेल्या प्रतीवर सरकला. एक पोथी होती, तिच्या चार झाल्या, गावात पोथ्यांची सुबत्ता आली. छापखाना नसलेल्या जगात नक्कल करणारा माणूस चोर नव्हता, दाता होता. फक्त तो दमायचा, आणि दमला की चुका करायचा. या चुकाही ठरलेल्या असत. दोन ओळींत एकच शब्द आला की डोळा वरच्या ओळीतल्या शब्दावरून थेट खालच्या ओळीतल्या शब्दावर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. किंवा उलट, डोळा मागे फिरतो आणि तीच ओळ दोनदा लिहिली जाते. समासात कुणीतरी लिहिलेली टीप पुढचा लेखक मूळ मजकूर समजून आत ओढून घेतो. म्हणून तर आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू हात झटकतो: यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया। जसं पुढ्यात होतं तसं लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका.

मराठीत या दोषांची सगळ्यांत मोठी साफसफाई एकनाथांनी केली. ज्ञानेश्वरीच्या प्रती फिरता फिरता पाठभेद माजले होते, ते निवडून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी एक इशारा दिला: ज्ञानेश्वरीत जो कुणी आपली मराठी ओवी घुसडील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. कॉपीकॅटवर मराठीत याहून नेमका टोला शोधून सापडणार नाही. यात एक बारकावा आहे. नाथांचा राग उतरवून घेणाऱ्यांवर नाही. ते काम तर ते स्वतः करत होते. राग आहे तो ज्ञानेश्वरांच्या आवाजाची नक्कल करून स्वतःची ओवी त्यांच्या नावावर खपवणाऱ्यांवर.

मुंबईत नकलेचा हा जुना, अब्रूदार अर्थ अजून फोर्टात शाबूत आहे. ‘नक्कल’ अरबी ‘नक्ल’वरून आलेला, मुळात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. कोर्टाच्या आसपास, जिथे टायपिंगची खडखड आता झेरॉक्स यंत्रांच्या गरम कागदाच्या वासात विरून गेली आहे, तिथे नक्कल म्हणजे निकालाची, दस्ताची, सही-शिक्क्याची प्रत. अर्ज करायचा, फी भरायची, थांबायचं. प्रमाणित प्रतीवर अर्ज कधी आला, प्रत कधी तयार झाली आणि कधी हाती दिली, या तारखा नोंदलेल्या असतात, आणि त्या नीट बघाव्यात. कारण अपिलाची मुदत मोजताना प्रत मिळवण्यात गेलेला वेळ वजा होतो. 1963 च्या मुदत कायद्याचं बारावं कलम त्यासाठीच आहे. अर्ज उशिरा केला तर मात्र तो उशीर आपल्या पदरी.

कचेरीतला आणखी एक सुंदर शब्द म्हणजे रुजुवात. एकानं मूळ कागद वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत जायचं, जुळलं की खाली सही करायची. नक्कल करणार एक, रुजुवात घेणार दुसरा. पुरावा कायद्यातही हेच आहे: नकलेवरून केलेली नक्कल पुरावा म्हणून चालते, पण ती मुळाशी ताडून बघितलेली असेल तरच. 1872 च्या कायद्यातलं हे तत्त्व 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानंही ठेवलं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अनुस्वार आधी उडतात, मग रफार, मग आकड्यांची गल्लत होते, हे ज्यांनी जुने सातबारे हाताळलेत त्यांना सांगायला नको.

नाटकवाल्यांची नक्कल आणखी वेगळी. मराठी रंगभूमीवर ‘नक्कल’ म्हणजे नटाच्या वाट्याची भाषणं, जी त्याला उतरवून मिळत आणि त्यानं पाठ करायची असत. ‘नक्कल चोख आहे’ ही नटाला मिळणारी पावती होती. उलट गिरगावातल्या गणेशोत्सवात मंडपात नकला करणारा माणूस पुढाऱ्यांचे, गवयांचे, नटांचे आवाज काढायचा, आणि लोक खुर्च्यांवरून पुढे सरकून हसायचे. एकच शब्द कोर्टात गंभीर, विंगेत मेहनती आणि मंडपात खट्याळ. इंग्रजीतल्या कॉपीकॅटला एवढी घरं नाहीत.

म्हणूनच त्याला मराठी प्रतिशब्द शोधायला बसलं की पंचाईत होते. ‘कित्ता गिरवणं’ फार सोज्वळ; त्यात गुरुजी आणि बोरूचा वास आहे, शिवाय कित्ता मागून घेतलेला असतो. ‘वेडावणं’ जवळचं वाटतं, पण वेडावणाऱ्याला समोरच्यासारखं व्हायचं नसतं, त्याला चिडवायचं असतं. त्या धाकटीला ताईसारखीच पेटी हवी होती, ती वेडावत नव्हती. ‘री ओढणं’ बोलण्यापुरतं. ‘पोपटपंची’ पाठांतरापुरती. ‘ढापणं’ आणि ‘छापणं’ हे मुंबईचे खास, पण त्यात लबाडी आहे, आणि ती पोरगी तर ताईच्या डोळ्यांदेखत, बोट दाखवून मागत होती. ‘कॉपी’ तर मराठीत येऊन परीक्षेच्या वर्गातच अडकली. बाहीतली चिठ्ठी म्हणजेच कॉपी, आणि ती करणारा वर्तमानपत्रांच्या मथळ्यात कॉपीबहाद्दर. प्रेमानं, हट्टानं, उघडपणे दुसऱ्यासारखं करणाऱ्याला चिडवायची जागा मराठीत मोकळीच होती, आणि मुलांनी ती कुणाला न विचारता भरून टाकली. मुलांचा हा निर्णय मला तरी बरोबर वाटतो. शिवाय ‘कॉपीकॅट’चं व्याकरण त्यांनी मराठी करून घेतलंय. ‘मांजर’ आपल्याकडे नपुंसकलिंगी, पण ‘ते कॉपीकॅट’ कुणी म्हणत नाही. दादा असेल तर तो कॉपीकॅट, ताई असेल तर ती कॉपीकॅट. वर ‘कॉपीकॅटगिरी’ आहेच.

मोठ्यांच्या जगात हा शब्द गेला तेव्हा त्याचा खेळकरपणा संपला. 1961 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीमासिकात ‘कॉपीकॅट’ गुन्हेगारावर लेख आला: गुन्ह्याची बातमी वाचून तसाच गुन्हा करणारा. 1974 मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी आकडेवारीनं दाखवलं की आत्महत्येची बातमी पहिल्या पानावर गाजली की त्यामागोमाग आत्महत्या वाढतात. भारतीय प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये वर्तमानपत्रांना जी पथ्यं घालून दिली, बातमी ठळक जागी नको, पद्धतीचं वर्णन नको, ती यामुळेच. तरी काही वर्तमानपत्रं ती मोडतात.

बाजारातला कॉपीकॅट त्यामानानं बरा, निदान कायदा त्याला ओळखतो. ट्रेडमार्कचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे. दोन नावं सारखी आहेत का हे ठरवताना ती शेजारी ठेवून भिंगातून बघायची नसतात. ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली कसोटी सांगितली: साधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवण असलेला गिऱ्हाईक फसेल का? घाईत, काउंटरवर, पोटदुखीनं वाकलेला माणूस ‘ती कुठलीशी धारा द्या’ म्हणेल, त्याचं काय होईल, असं बघायचं. फर्स्ट कॉपी विकणाऱ्या मुंबईच्या विक्रेत्यांना ही कसोटी कुणी न शिकवता येते. बुटावरची खूण हुबेहूब असते, कारण गिऱ्हाईकाला तेवढीच आठवते. आतलं अस्तर, चेनचा धातू, खोक्यावरच्या लेबलाची अक्षरं यांकडे त्याचं लक्ष नसतं, म्हणून तिथे खर्च करत नाहीत. आणि फसवणूक म्हणावी तर तीही धड नाही, ‘फर्स्ट कॉपी आहे साहेब’ असं विक्रेता आपणहून सांगतो.

अर्धवट आठवणीवर चालणारा हाच धंदा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आणि खरं तर आपल्या खिडकीच्या ग्रिलमध्येही, पंखांवर चालतो. ग्रिलमधल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पांढरट-काळपट, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते ती बहुधा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते आणि दोन दिवसांत झाड ओरबाडते, म्हणून बायका तिला काडीनं उचलून खाली टाकतात. वाचली तर काळं फुलपाखरू निघतं. नर एकाच प्रकारचा. मादी मात्र तीन रूपांत. एक कॉमन रोझ या दुसऱ्याच फुलपाखरासारखी, एक क्रिमझन रोझ या तिसऱ्या फुलपाखरासारखी, एक नरासारखीच. रोझ जातीच्या अळ्या सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीचं विष अंगात भिनवतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या लाल ठिपक्यांच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनच्या अंगात विष नाही, ती नुसते ठिपके घालून मिरवते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून हेन्री बेट्स यांनी 1862 मध्ये हा प्रकार उलगडला आणि त्याला ‘मिमिक्री’ म्हटलं, नकलाकार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

ओळखायची खूण सोपी आहे. पंखांकडे बघू नका, धडाकडे बघा. रोझचं धड लाल असतं, तिची नक्कल करणाऱ्या मॉरमॉनचं काळं. मात्र या सोंगाला हिशेब लागतो. सोंगाड्या माद्या खऱ्या रोझपेक्षा फार वाढल्या तर कोवळे पक्षी आधी त्यांनाच चाखतात, त्यांना लाल ठिपके गोड लागतात, आणि मग विषारी आणि बिनविषारी दोघींचंही संरक्षण ढिलं पडतं. नरासारखी दिसणारी साधी मादी टिकून आहे त्यामागे हा हिशेब असल्याचं मानतात. कोणती मादी कुठलं रूप घेणार हे कशावर ठरतं, याचं उत्तर 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधात. एवढा मोठा वेषपालट, पंखांचा रंग, ठिपक्यांची जागा, सगळं ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या प्रतींवर ठरतं. आई आणि बाप यांच्याकडून एकेक प्रत येते, आणि दोहोंतली एक जरी नकलेची असली तरी मादी नक्कलच होते. साधी मादी व्हायला दोन्ही प्रती साध्या लागतात.